मराठीतून हंगेरियन: बुडापेस्टमधल्या दहा महिन्यांच्या नोंदी

3 सप्टेंबर 2024

काल दुपारी बुडापेस्टला उतरलो. मी वसईचा, नंदाखालच्या बाजूचा. घरी कादोडी बोली, शाळेत मराठी, सेमिनरीत (फादर होण्याचं शिक्षण देणाऱ्या शाळेत) इंग्रजी. आमच्या संघाने, म्हणजे फादर-ब्रदरांच्या कॅथलिक संस्थेने, मला मिशनरी म्हणून हंगेरीला पाठवलं आहे. पहिलं वर्ष फक्त भाषेचं. नंतर थिऑलॉजी (धर्मशास्त्र), तीही हंगेरियनमधूनच. संघाच्या इथल्या घरात आम्ही पाच जण आहोत: दोन वयस्क हंगेरियन फादर, एक इंडोनेशियाचा ब्रदर, एक व्हिएतनामचा आणि मी.

पुढच्या वर्षी आपल्याकडून आणखी एक जण येणार आहे. या नोंदी त्याच्यासाठी, आणि त्याच्यानंतर जे येतील त्यांच्यासाठी. मला निघण्याआधी विचारायला कुणी नव्हतं. सगळ्यांनी एवढंच सांगितलं की भाषा फार कठीण आहे.

हंगेरियन शब्द मी देवनागरीतच लिहिणार आहे. जिथे ऽ दिसेल तिथे स्वर लांबवायचा. 'झ' बहुतेक ठिकाणी 'माझा'मधला. ओठांचा चंबू करून म्हणायचे दोन स्वर आहेत, त्यांना आपल्याकडे अक्षर नाही. ते 'ओ' आणि 'उ' असेच लिहितो, कारण दुसरा इलाज नाही.

दिवस असा: सहाला उठणं, साडेसहाला प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), नाश्ता, नऊ ते एक भाषेचा वर्ग, दुपारी घरकाम आणि अभ्यास, संध्याकाळी चर्चमध्ये.

19 सप्टेंबर

आज मिस्सा चुकली, आणि चूक सर्वस्वी माझी.

काल मोठ्या फादरांनी सांगितलं होतं, उद्या 'फेऽल न्योल्त्स'ला सेवेला ये. फेऽल म्हणजे अर्धा, न्योल्त्स म्हणजे आठ. मी साडेआठ समजलो. लवकर जावं म्हणून सव्वाआठला पोचलो तर चर्चमधले काका दार लावून घेत होते. फेऽल न्योल्त्स म्हणजे साडेसात. आठव्या तासाचा अर्धा. फादर एकटेच वेदीवर होते. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. जेवताना सरबत मात्र त्यांनीच वाढलं.

दुपारभर हेच डोक्यात होतं. मग शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं आठवलं: अडीच हा शब्द 'अर्धतृतीय'वरून आला आहे, म्हणजे तिसऱ्यातला अर्धा. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. हंगेरियन घड्याळ नेमकं तसंच चालतं. दीडला ते 'माशफेऽल' म्हणतात, म्हणजे दुसऱ्यातला अर्धा. हारोमनेद्येद न्योल्त्स म्हणजे आठचे तीन पाव, आपले पावणेआठ. नेद्येद न्योल्त्स म्हणजे आठचा एक पाव, अर्थात सव्वासात. इंग्रजीतून विचार केला की तासाभराची चूक होते. अडीच आठवलं की होत नाही.

येणाऱ्याने हे विमानातच पाठ करावं.

4 ऑक्टोबर

महिन्याचा पहिला शुक्रवार. या दिवशी आजारी आणि म्हाताऱ्या माणसांकडे कम्युनिअन (मिस्सेतला पवित्र पाव) घेऊन जातात. आज फादरांबरोबर मीही गेलो. सात घरं झाली.

इथल्या जुन्या इमारती आतून बघितल्या की मला गिरगाव आठवतं. मधे चौक, चारी बाजूंनी लोखंडी कठड्याची गॅलरी, गॅलरीत दारं, दारांपुढे कुंड्या. हिला 'गाँग' म्हणतात. तिसऱ्या मजल्यावर एक नेनी राहतात. नेनी म्हणजे काकू, वयाने मोठ्या कुठल्याही बाईला लावायचा शब्द. त्या चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवत होत्या. आता गुडघ्यांमुळे खाली उतरत नाहीत.

मी त्यांना पुस्तकातलं वाक्य म्हटलं, ज्याचा अर्थ "तू कशी आहेस?" होतो. फादरांनी मान खाली घातली. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या बाईला कुणी पहिल्या भेटीत अरे-तुरे करील का? मला मराठीत तू, तुम्ही, आपण तिन्ही येतात, आणि तरी मी ही चूक केली, कारण धडा इंग्रजीतून होता आणि इंग्रजीत सगळे एकच. नंतर जिन्यात फादरांनी नीट समजावलं. म्हाताऱ्या माणसांशी वेगळीच रीत आहे: 'होद्य तेत्सिक लेन्नि?' शब्दशः बघायला गेलं तर "कसं असणं आवडतंय?" आणि चर्चमधल्या लोकांना नमस्कार करायचा तो असा: 'दिचेऽर्तेश्शेऽक ऑ येऽझुश क्रिस्तुश', येशू ख्रिस्ताची स्तुती असो. समोरचा म्हणतो 'मिन्दोरोक्केऽ, आमेन', म्हणजे सदासर्वकाळ. हा नमस्कार आला की वयाचा, मानाचा प्रश्नच उरत नाही. मी पहिल्या दिवशी हाच शिकायला हवा होता.

22 ऑक्टोबर

भाषेच्या शाळेत सात आठवडे झाले. स्पष्ट लिहितो: मला तिथे जे हवं होतं ते मिळालं नाही. दहा आठवड्यांच्या कोर्सचे संघाने 1,45,000 फोरिंट भरले आहेत. एका रुपयाला साधारण चार फोरिंट धरा. वर्गात बहुतेक ऑफिसात काम करणारे लोक, सगळं इंग्रजीतून. प्रत्यय आले की शिक्षिका फळ्यावर घराचं चित्र काढून इंग्रजी शब्द लिहितात. मी सात आठवडे हंगेरियनमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत हंगेरियनमध्ये ये-जा करत होतो. एक वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेचा, महिना. रोज संध्याकाळी चर्चमध्ये बारा-पंधरा बायका आणि दोन पुरुष रोझरी म्हणतात, मीही बसतो. काल 'आमच्या पित्या' ही प्रार्थना म्हणताना एकदम लख्ख झालं.

मेन्न्येकबेन: स्वर्गात. फोल्दोन: पृथ्वीवर. गोनोसतोऽल: वाइटापासून. मरियेच्या प्रार्थनेत केद्येलेम्मेल: कृपेने. प्रत्येक ठिकाणी नामाच्या शेपटाला एक तुकडा, आणि मराठीतही त्याच जागी तसाच तुकडा. मधे इंग्रजीची गरजच नव्हती! रात्री वहीत घर घेऊन बसलो. हाझ म्हणजे घर.

हाझबॉन, घरात. हाझबोऽल, घरातून. हाझोन, घरावर. हाझरोऽल, घरावरून. हाझनाल, घरापाशी. हाझतोऽल, घरापासून. हाझनॉक, घराला. हाझिग, घरापर्यंत. हाझेऽर्त, घरासाठी.

'घरावरून' हे इंग्रजीत सांगायला किती शब्द लागतात बघा. मराठीत आणि हंगेरियनमध्ये एक. सात आठवडे जे डोक्यात बसलं नाही ते एका रात्रीत बसलं. आनंद झाला, आणि गेलेल्या सात आठवड्यांचं वाईटही वाटलं.

'माझ्याकडे आहे' या प्रकाराचंही तेच. मला भाऊ आहे, असं आपण म्हणतो, भावाला आपण 'बाळगत' नाही. हंगेरियनही तसंच: 'वॉन एद्य तेश्तवेऽरेम', आहे एक भाऊ-माझा. तेश्तवेऽर म्हणजे भावंड, शब्दशः शरीर-रक्त. ब्रदरलाही हाच शब्द. मला इथे तॉमाश तेश्तवेऽर, म्हणजे ब्रदर थॉमस, म्हणतात.

2 नोव्हेंबर

काल सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी. फादरांबरोबर मोठ्या दफनभूमीत गेलो. अंधार पडला तेव्हा जिकडे बघावं तिकडे मेणबत्त्या आणि शेवंतीची फुलं. वसईत आज आपल्या गावच्या दफनभूमीतही असेच दिवे असतील. आयला फोन केला, तिने बाबांच्या कबरीवर लावले म्हणाली.

शिकलेलं: आडनाव आधी, नाव नंतर. तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आडनावं आपल्यासारखीच धंद्यावरून: कोवाच म्हणजे लोहार, सॉबोऽ म्हणजे शिंपी. काही दगडांवर नावाच्या शेवटी 'नेऽ' लागलेलं होतं. मी आधी ते नावच समजलो. ते 'अमक्याची बायको' आहे. नवऱ्याचं पूर्ण नाव, पुढे 'नेऽ', आणि बाईचं माहेरचं नाव कधी खाली बारीक अक्षरात, कधी नाहीच. अशा एका दगडापुढे मी प्रार्थना केली आणि त्या बाईला कुठल्या नावाने देवापुढे न्यावं हेच कळेना.

16 नोव्हेंबर

कोर्स संपला, पुढचा घेतला नाही. सुपीरियर (घराचे प्रमुख) फादरांशी बोललो. आता आठवड्यातून दोन तास खाजगी शिकवणी, तासाला 6,000 फोरिंट, आणि उरलेला वेळ माणसांकडे. त्यांनी होकार दिला, पण मे महिन्यात परीक्षा द्यायची ही अट घातली.

शिकवणीत पहिला विषय: प्रत्ययांचे जोड. स्वर्गात 'बेन', घरात 'बॉन'. शब्दातले स्वर घशाकडचे असतील तर एक रूप, पुढचे असतील तर दुसरं. याला मराठीचा काहीही आधार नाही. इथे फक्त घोकंपट्टी.

माझा उपाय: बिस्किटांचे दोन रिकामे टिनचे डबे. नवा शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि मोठ्याने म्हणून योग्य डब्यात टाकायचा. रोज रात्री वीस चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येकीला 'त' आणि 'वर' लावायचं. आठवड्यात तिसरा डबा करावा लागला, कारण काही शब्द दिसतात एका घरचे आणि वागतात दुसऱ्या घरच्यासारखे. पहिला सापडला तो 'हीद', पूल. ईकार आहे म्हणून मी रोज 'हीदेन' म्हणत होतो. बरोबर 'हीदोन'. दोन महिने मी रोज डॅन्यूबवरचा पूल ओलांडत होतो, रोज चुकीचं बोलत होतो, आणि कुणी सुधारलं नाही. लोक सभ्य आहेत. तुम्हीच विनंती करा: चुकलं की थांबवा.

9 डिसेंबर

आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांत, इथे पहाटे सहाला मिस्सा असते, 'रोराते'. चर्चमध्ये एकही विजेचा दिवा नाही, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. बाहेर उणे तापमान, काळोख. शाळेची मुलं दप्तरं घेऊन येतात. नंतर हॉलमध्ये चहा आणि 'झीरोश केन्येऽर', म्हणजे पावाच्या जाड तुकड्यावर डुकराची चरबी, वर कांदा, मीठ, लाल पाप्रिका. मला तो कांदा-मीठ-तिखटाचा वास येतो आणि जिवाला बरं वाटतं.

मात्र आज तिथेच फजिती झाली. एका बाईंना म्हणायचं होतं, तुम्हाला भेटून आनंद झाला: 'ओरुलोक'. मी पहिला स्वर लांबवला. 'ओऽरुलोक' म्हणजे मला वेड लागतंय. त्यांनी काळजीने माझा हात धरला. दुसरं असंच: केऽरेक, मला हवं आहे. केरेक, गोल. केरेऽक, चाक. पाव मागताना मी आतापर्यंत तिन्ही म्हणून झालोय.

दुपारी नेनींकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी चहाच्या कपातला चमचा काढला, पुसला आणि टेबलाच्या कडेवर वाजवायला लागल्या. लांब स्वराला एक सावकाश ठोका: 'ता'. आखूड स्वरांना दोन जलद ठोके: 'ति-ति'. कोदाय या संगीतकाराच्या पद्धतीने इथली शाळकरी मुलं अशीच ताल शिकतात. मी ओळखलं. हे आपले लघु-गुरू! शाळेत वृत्तं पाडताना वर चिन्हं करायचो तेच. मी त्यांच्या वहीत 'केऽरेक' लिहून डोक्यावर गुरू-लघूच्या खुणा केल्या. त्यांनी चष्मा लावून त्या बघितल्या, आणि चमच्याने बरोबर तशाच वाजवल्या.

तासभर आम्ही फक्त ठोके दिले. हात दुखायला लागला तेव्हा थांबलो. तीन महिन्यांत जे कानाला ऐकू येत नव्हतं ते बोटांना कळलं. 'वेऽर' म्हणजे रक्त, 'वेर' म्हणजे मारतो. मिस्सेत ख्रिस्ताचं रक्त म्हणताना हा फरक चुकणं मला परवडणार नाही.

29 डिसेंबर

आज तॉमाशचा नामदिन. इथे प्रत्येक नावाला कॅलेंडरात दिवस असतो आणि तो वाढदिवसासारखा साजरा होतो. सकाळपासून अकरा जणांनी शुभेच्छा दिल्या. मी प्रत्येकाला नीट उत्तर दिलं, आखूड 'ओ' लावून.

11 जानेवारी 2025

बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणानंतर घरं आशीर्वादायची असतात, 'हाझसेन्तेलेऽश'. तीन दिवसांत चौतीस घरं केली. फादर प्रार्थना म्हणतात, मी पवित्र पाण्याचं भांडं धरतो आणि खुर्चीवर चढून दाराच्या वरच्या चौकटीवर खडूने वर्ष आणि तीन राजांची आद्याक्षरं लिहितो. पहिलं वाक्य म्हणायचं काम माझ्याकडे: 'बेऽकेश्शेऽग ए हाझनॉक', शांती या घराला. हाझनॉक, घराला. हे वाक्य मी एकदाही अडखळलो नाही.

पण दोन चुका झाल्या, त्यातली एक मोठी.

लहान चूक अशी. मराठीत 'घरात आहे' आणि 'घरात जातो' दोन्हीकडे 'घरात'. हंगेरियनमध्ये आहे तेव्हा 'हाझबॉन', जातो तेव्हा 'हाझबॉ'. मराठीचा पूल इथे तुटतो. 'आम्हांला मोहात पडू देऊ नकोस' यातलं मोहात म्हणजे 'कीशेऽर्तेऽशबे', आत जाणं. मी तीन महिने 'बेन' म्हणत होतो. त्यात भर म्हणजे बोलताना इथली माणसंसुद्धा 'बॉन'चा न खातात, त्यामुळे ऐकून शिकता येत नाही. उपाय: 'आतमध्ये' म्हणता येत असेल तर बॉन, 'आतल्या दिशेने' म्हणायचं असेल तर बॉ. वाक्य तोंडातून काढण्याआधी मराठीत हे बदलून बघतो. वेळ लागतो, पण चूक निम्म्याने कमी झाली आहे.

मोठी चूक वेगळी. एका घरी एक बाची, म्हणजे काका, एकटे होते. ते बोलले त्यातलं मला कळलं ते असं: हॉस्पिटलमध्ये, फार आजारी, प्रार्थना करा. हंगेरियनमध्ये तो आणि ती यांना एकच शब्द आहे, 'ओऽ'. क्रियापदावरूनही कळत नाही. मराठीत 'गेला', 'गेली', 'गेलं' म्हटलं की निम्मी गोष्ट कळते. भिंतीवर बायकोचा फोटो होता, म्हणून मी धरून चाललो की बायको. फादर पुढच्या खोलीत होते. मी म्हणालो, मी तुमच्या पत्नीसाठी प्रार्थना करीन. बाची गप्प बसले. बायको आठ वर्षांपूर्वी वारली होती. आजारी आहे तो मुलगा.

मी दुसऱ्या दिवशी एकटा परत गेलो, माफी मागितली. मुलाचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून नियम: 'ओऽ' ऐकलं की आधी विचारायचं, कोण? लाज वाटली तरी विचारायचं.

12 फेब्रुवारी

लेहेलच्या मंडईत चीज घेतलं: 'हूस देकॉ शॉय्तोत केऽरेक'. इथे ग्रॅममध्ये कुणी मागत नाही, देकॉ म्हणजे दहा ग्रॅम. वीस देकॉ म्हणजे दोनशे. सप्टेंबरात मी 'दोनशे' म्हणालो होतो आणि दुकानदार वीसच्या पुढे मोजत दोन किलोंकडे निघाला होता.

बाजाराला इथे 'वाशार' असाही शब्द आहे. वाशार आणि आपला बाजार दोघांचं मूळ इराणी. 'एझेर' म्हणजे हजार, तोही तिकडचाच. असे शब्द फार नाहीत, पण भेटले की नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं.

तिथे एका बाचीने मी भारतातला म्हटल्यावर विचारलं, कोरोशी चोमा माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. घरी येऊन वाचलं. ट्रान्सिल्व्हानियातला माणूस, जन्म 1784. मॉद्यॉर, म्हणजे हंगेरियन, लोकांचं मूळ शोधायला 1819 मध्ये निघाला, बराचसा प्रवास पायी, आणि लडाखकडच्या झांस्करमध्ये एका लामापाशी बसून तिबेटी शिकला. कडाक्याच्या थंडीत, परक्या अन्नावर. 1834 मध्ये कलकत्त्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापला गेला. 1842 मध्ये दार्जिलिंगला वारला, कबर तिथेच आहे. आणि आपल्याकडे? फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले, इंग्लंडचे. मराठी ओव्यांत त्यांनी रचलेलं ख्रिस्तचरित्र 1616 साली छापलं गेलं. मधे सदतीस वर्षं. माझे पाच महिने झालेत. मी आज रात्री वीसच्या जागी चाळीस चिठ्ठ्या काढल्या.

22 मार्च

क्रियापदांवर अडकलो आहे. 'पाव हवा' म्हणजे केन्येरेत केऽरेक, पण 'तो पाव हवा' म्हणजे ऑ केन्येरेत केऽरेम. कर्म ठरावीक असलं की क्रियापदच बदलतं. शिक्षिकेने नियम सांगितला, मला कळलाही, पण तोंडात बसेना.

पुन्हा मराठीकडे वळलो. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली. खाणारा मीच, तरी क्रियापद बघतं भाकरीकडे. म्हणजे क्रियापदाने कर्माकडे बघणं ही आपल्याला नवी गोष्ट नाही. हंगेरियन क्रियापदही कर्माकडे बघतं, फक्त लिंग बघत नाही, ओळखीचं आहे की अनोळखी ते बघतं. हा विचार पकडला आणि शंभरातली साठ वाक्यं बरोबर यायला लागली. उरलेली चाळीस अजून चुकतात.

घरातल्या सर्वांत वयस्क फादरांना आज विचारलं, 1950 नंतर काय झालं. त्या वर्षी कम्युनिस्ट सरकारने जवळजवळ सगळे संघ बंद केले, चारच राहू दिले, तेही मोजक्या शाळांपुरते. फादरांनी संघाचं नाव न लावता कारखान्यात काम केलं, रात्री दार लावून प्रार्थना केली. 1989 नंतर परत एकत्र आले तेव्हा तरुण कुणी उरले नव्हते. ते अर्धा तास बोलले आणि मला जवळजवळ सगळं कळलं. मी इथे का आहे, हेही आज पहिल्यांदा त्यांच्या भाषेत ऐकलं.

21 एप्रिल

ईस्टरचा सोमवार. इथे या दिवशी मुलगे मुलींवर पाणी किंवा अत्तर शिंपडतात आणि आधी एक चार ओळींची कविता म्हणतात. नेनींच्या गॅलरीत सकाळी दोन छोटे आले होते. नेनींनी डोकं पुढे केलं, मुलांनी अत्तर शिंपडलं, त्यांना रंगवलेली अंडी मिळाली.

तेवढ्यात बातमी आली. पोप फ्रान्सिस गेले.

चर्चमध्ये लोक आपणहून जमायला लागले. एक बाई रडत होत्या, त्यांनी मला विचारलं, तॉमाश तेश्तवेऽर, आता काय? मी भाषा जुळवत बसलो नाही. जे आलं ते बोललो. प्रत्यय चुकले असतील, आठवत नाही. संध्याकाळच्या मिस्सेत फादर 'आमच्या पोपसह' या शब्दांपर्यंत आले आणि तिथे ते शब्द नव्हते, थेट बिशपांचं नाव आलं. आठ महिने रोज ऐकलेलं वाक्य आखूड झालेलं कानाला लगेच कळलं.

26 मे

परीक्षेचा निकाल. तोंडी पास, लेखी नापास. दोन्ही मिळून पूर्ण प्रमाणपत्र, म्हणून लेखी पुन्हा ऑक्टोबरात. फी गेली, उन्हाळ्यात आणखी शिकवणी लागेल. आतापर्यंतची शिकवणी 2,88,000 फोरिंटवर गेली आहे.

कुठे गेलं ते बघितलं. पत्रलेखनात सात ठिकाणी बेन आणि बे ची अदलाबदल, आणि स्वरांवरच्या खुणा. ठोक्यांनी मला लांबी ऐकू यायला लागली, पण लिहिताना हात खुणा विसरतो. मी लिहिण्याचा सराव केलाच नाही. सगळा वेळ माणसांकडे घालवला. त्याचा पश्चात्ताप नाही, पण येणाऱ्याने रोज दहा ओळी लिहाव्यात आणि कुणाकडून तरी तपासून घ्याव्यात.

8 जून

पेन्टेकॉस्ट, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण. आज पहिलं वाचन माझ्याकडे होतं, बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये', दुसरा अध्याय. त्यात पार्थी, मेदी, एलामी अशी लोकांच्या नावांची रांग आहे. तीन आठवडे तयारी केली. एक गोष्ट मदतीला आली: हंगेरियनमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, कितीही लांब नाव असो. प्रत्येक नावाच्या पहिल्या अक्षराखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि स्वरांवर लघु-गुरू. रांगेच्या मध्यावर एक नाव अडखळलो, परत घेतलं, पुढे गेलो.

नंतर जानेवारीतले बाची भेटले. मुलगा घरी आला आहे. त्यांनी मुलाला पुढे केलं आणि म्हणाले, हे तॉमाश, तुझं नाव वहीत लिहून नेलं होतं ते.

30 जून

ऑगस्टच्या शेवटी नवीन ब्रदर येणार. माझी खोली त्याला, मी वरच्या मजल्यावर. तिन्ही डबे कपाटावर ठेवून जातो आहे. झाकणांवर नावं मराठीत लिहिली आहेत. पहिल्यात सहाशेच्या वर चिठ्ठ्या, दुसऱ्यात थोड्या कमी, तिसऱ्यात एकेचाळीस होत्या.

आज बेचाळीसावी टाकली. नेनींकडे चमचा वाजवत बसलो होतो आणि बोलता बोलता त्यांनी पावावरच्या चरबीचा विषय काढला. झीर, चरबी. ईकार आहे. तरी झीरोश. संपूर्ण डिसेंबर मी ते खाल्लं, रोज ऐकलं, रोज बरोबर म्हटलं, आणि हा तिसऱ्या डब्यातला शब्द आहे हे मला आज कळलं.